तपासणीचा दिवस आणि भीमाकाठची फेरी



माती परीक्षणाचा अहवाल कपाटात ठेवून उसाचे टनेज वाढत नाही, हे आपण जाणताच. शरीराचेही तसेच आहे. सोलापूरला येऊन रक्त देणारे सभासद पुष्कळ आहेत. पण अहवाल संध्याकाळी मिळणार म्हटले की गावची एस.टी. धरतात आणि कागद तिथेच राहतो. म्हणून एक साधा मार्ग सुचवितो. तपासणीला सहकुटुंब यावे, मधला दिवस भीमाकाठची जुनी गावे पाहावीत आणि परतताना अहवाल डॉक्टरांना दाखवूनच घर गाठावे.

सकाळचे काम

रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याखेरीज काही घेऊ नये. पहिले रक्त उपाशीपोटी, मग खाणे, आणि दोन तासांनी दुसरे. गेल्या महिन्यात जुळे सोलापुरात आम्ही घरची पाच माणसे साडेसातला हजर झालो व दहाला मोकळे झालो. वडील बहात्तर वर्षांचे. "दरसाल पायी वारी करतोय, मला काय धाड भरलीय?" असे म्हणतच आले होते.

माचणूर

तिऱ्हे, कामतीवरून बेगमपूरचा पूल ओलांडला की माचणूर. सोलापूरहून अंतर सुमारे ४० किलोमीटर. सिद्धेश्वराचे दगडी मंदिर, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आणि जवळच किल्ला. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी इथेच ब्रह्मपुरीला होती. येथून तो साताऱ्यावर चालून गेला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. भीमा मात्र वाहतेच आहे. १९८० साली उजनी धरण झाल्यापासून उन्हाळ्यात तिला पाणी किती, हे धरणातून किती सोडले यावर ठरते. मुलांना हे काठावर उभे करून सांगावे. आपला ऊस त्याच पाण्यावर आहे.

पंढरपूर

वाटेत मंगळवेढे लागते. १३३८ साली गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले ते इथे. त्यांची समाधी पंढरपुरात, नामदेव पायरीजवळ. ज्या मंदिराबाहेर ती आहे, त्याचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले व दार उघडले.

चंद्रभागेच्या घाटावर वडिलांनी चपला काढल्या, तेव्हा सौभाग्यवतींना त्यांच्या टाचेत खोल जखम दिसली. तोडलेल्या उसाचे खोडके लागलेले. "दुखत न्हाई, म्हणून बोललो न्हाई," म्हणाले.

न दुखणारी जखम हीच काळजीची. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, जखम चिघळते आणि वेळ गेल्यास पाय गमवावा लागतो. मोहोळमार्गे सहाला परतलो. वडिलांची उपाशीपोटीची साखर १६८ निघाली. डॉक्टरांनी पाय पाहिला, मलमपट्टी केली आणि फेरतपासणी सांगितली. आता औषध चालू आहे, जखम भरत आली आहे.

ध्यानात ठेवावे

उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ ही सावध होण्याची पायरी. १२६ किंवा अधिक आल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने फेरतपासणी करून घ्यावी. रक्तदाब १४०/९० वर वारंवार येत असेल तर दाखवावे. खोडव्यात अनवाणी फिरू नये, रोज रात्री तळपाय पाहावेत. उजनीतून पाणी सोडले असता नदीत उतरू नये.

गळीत सुरू झाले की कोणालाच सवड नसते. म्हणून ही फेरी त्याआधी उरकावी.

— ऊस विकास अधिकारी