वारसा आणि वहिवाट

बाप मरण पावला म्हणजे पटवाऱ्याच्या दप्तरात फेरफाराची नोंद होते, वारसांची नावे चढतात, आणि शेताच्या धुऱ्यापासून विहिरीतील हिश्शापर्यंत कोणाकडे काय आले याचा खुलासा कागदोपत्री होऊन जातो. परंतु मुलावर आवाज केव्हा चढवावा, त्याला जवळ केव्हा घ्यावे, त्याच्या चुकीला चूक म्हणावे की गुन्हा, ही जी मिळकत त्याच बापाकडून मुलाकडे येते, तिची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती निव्वळ वहिवाटीने येते. विदर्भातील हिंगणघाटात कोणत्याही ओट्यावर घटकाभर बसावे, “आमच्या बाबानं आम्हाले मारलं, म्हणून तर आम्ही सुधरलो ना!” हे वाक्य कानी पडल्यावाचून राहत नाही, आणि बोलणाऱ्याच्या मुद्रेवर त्या वेळी अभिमान असतो, जुनी वेदना औषधालाही नसते.

नेमक्या याच विस्मृतीवर अमेरिकेतील बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ साली बोट ठेवले. ज्याला बालपणी बसलेला मार आठवतो, पण त्या वेळी झालेले दुःख आठवत नाही, तो तोच मार पुढच्या पिढीला देतो. ज्याला दुःखही आठवते, त्याचा हात बहुधा वर जाता जाता थांबतो, असा त्यांच्या निरीक्षणाचा मथितार्थ. तत्पूर्वी, १९६० च्या दशकात, डायना बाउमरिंड यांनी पालकांची हुकूमत गाजविणारे, मोकळीक देणारे, आणि शिस्त राखूनही मुलाचे ऐकून घेणारे अशी वर्गवारी केली होती. ती सोयीची खरी, पण कोणता पालक कोणत्या वर्गात का पडला, हे तिच्यावरून कळत नाही. त्याचे उत्तर जे बेल्स्की यांनी १९८४ साली मांडले: पालकाचा स्वतःचा पिंड, जो त्याच्या बालपणातून घडतो, मुलाचा उपजत स्वभाव, आणि संसार, नोकरी, सोयरेधायरे यांचा ताण किंवा आधार. या तिहींत पालकाच्या पिंडाला त्यांनी अधिक वजन दिले.

हिंगणघाटसारख्या गावात हा पिंड घडविणारी घरे एका जातीची नव्हेत. येथे कापसाची काळी जमीन आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कापडगिरण्याही आल्या. ज्या घराचा दिवस गिरणीच्या भोंग्याने उघडे, त्या घरात वेळेची शिस्त हाच पहिला धर्म ठरे; ज्या घराचे सारे गणित मृगाच्या पावसावर, त्या घरातील मूल वाट पाहणे आधी शिकते आणि घड्याळ नंतर. अशा दोन घरांत सोयरीक झाली म्हणजे पाळण्यातील लेकरावर दोन वहिवाटी एकदम चालू होतात. सासू-सुनेच्या कित्येक कुरबुरींचे मूळ, माझ्या मते, तेथे आहे. मीठ कमी पडणे हे निमित्त.

पण वहिवाट मोडताही येते, आणि ती मोडणारा एक पुरुष याच गावचा होता. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटात झाला. वडील देविदास सरकारी अधिकारी, घराणे वरोऱ्याकडील गोरजा गावचे मालगुजार. चौदाव्या वर्षी मुलाच्या हाती स्वतःची बंदूक आली, पुढे मोटार आली. आणि नोकरांच्या मुलांत मिसळू नये या अलिखित फर्मानाचा भंगही त्याच वयात सुरू झाला. नागपूरला कायद्याचे शिक्षण, वरोऱ्याला वकिली, तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्षपद, आणि मग, भंगीकामगारांचे दुःख कळावे म्हणून, स्वतः डोक्यावर मैला वाहणे. १९४६ साली नागपूरच्या घुले या शास्त्री घराण्यातील इंदू, म्हणजे साधनाताई, त्यांच्या संसारात आल्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही मुलगी पुढे कुष्ठरुग्णांच्या वस्तीत आई झाली. ‘समिधा’ हे त्यांचे आत्मकथन बापांपेक्षा आयांनी अगत्याने वाचावे असे आहे, आणि बापांनीही वाचल्यास हरकत नाही.

वरोऱ्याजवळच्या ओसाड माळावर १९५१ साली कुष्ठरुग्णांची ती वस्ती, आनंदवन, उभी राहिली, तेव्हा विकास आणि प्रकाश हे दोघे मुलगे अद्याप शाळेच्या वयाचेही नव्हते. त्याच वर्षी तत्कालीन मध्यप्रदेशातील मालगुजारी कायद्याने संपुष्टात आली, हा योगायोगच. परंतु आमट्यांच्या घरातील मालगुजारी कायद्याच्या आधीच खालसा झाली होती. ज्या बापाला लहानपणी नोकरांच्या मुलांजवळ जाण्याची मुभा नव्हती, त्याची मुले कुष्ठरुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढली. येथवर उलथापालथ पूर्ण दिसते. मला मात्र तिच्यात एक जुना धागा शाबूत दिसतो. मालगुजाराच्या वाड्यात कर्त्या पुरुषाचा शब्द म्हणजे हुकूम असे. आणि आनंदवनाचा संसारही मुलांना विचारून मांडलेला नव्हता. बाबांनी वाड्याचा आशय टाकला, वाड्याची धडाडी व एकहाती निर्णयाची रीत टाकली नाही. हा दोष म्हणून मी सांगत नाही. बालपण अर्धेच सोडता येते, याचा हा दाखला आहे.

पुढे दोघेही मुलगे नागपुरात डॉक्टर झाले. विकास आनंदवनात राहिले. बाबांनी भामरागडच्या जंगलाकडे नेले असता तेथील काम मी करीन असे प्रकाश यांनी आपण होऊन म्हटले, आणि १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर ते पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह तेथेच वसले. एकाच घरातील दोन भावांच्या या दोन वाटा पाहिल्या म्हणजे बेल्स्की मुलाच्या उपजत स्वभावाला वेगळी जागा का देतात ते उमगते. प्रकाश यांची मुले माडिया आदिवासी मुलांच्याच शाळेत शिकली. तेथे दूर सारण्यासारखी नोकरांची मुलेच नव्हती.

उरली ती एक खूण. ‘बाबा’ हे नाव मुरलीधर आमटे यांना शिष्यांनी किंवा रुग्णांनी दिलेले नव्हे. आईवडील त्यांना लाडाने तशीच हाक मारीत. वाड्यातील ते लाडके संबोधन आनंदवनात शेकडो माणसे, वयाने वडील असलेली सुद्धा, बापाच्या अर्थाने उच्चारू लागली.