डोळ्याचा धडा

इच्छापोरच्या जेम अँड ज्वेलरी पार्कमध्ये हिरा पारखायला काय लागते? भिंग, असे आपण म्हणाल. पण त्याआधी लागतो डोळा, आणि त्याची ओळख शाळेतच होते.

जवळचे पाहताना डोळ्यातील स्नायू आखडतात व नेत्रभिंग फुगते. दूर पाहताना ते सैलावतात. निरोगी डोळ्याला सुमारे 25 सेंटिमीटरपर्यंतचे विनाताण दिसते. दहापट भिंगाचे नाभीय अंतर 2.5 सेंटिमीटर. हिरा नेमका तेवढ्या अंतरावर धरला, तर किरण समांतर येतात आणि स्नायूंना विसावा मिळतो. हिरा त्याहून जवळ आला की ते पुन्हा आखडतात. शिवाय टक लावून पाहताना पापणी कमी लवते, डोळा कोरडा पडून चुरचुरतो.

परीक्षेत डोळ्याच्या आकृतीला गुण मिळतात. आपण मात्र घरातल्या दहावीच्या मुलाला एवढेच विचारा: बारीक काम करणाऱ्याने अधूनमधून खिडकीबाहेर का पाहावे? उद्या तो घंटीवर बसो, शिलाई करो वा संगणकापुढे बसो, त्याचे पोट याच डोळ्यांवर चालणार आहे. उत्तर त्याला आपल्या शब्दांत सांगता आले, तर धडा कामी आला.