यादीत नाव लागावं म्हणून

31 ऑगस्ट 1962. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या रूलव्हिलहून 18 कृष्णवर्णीय माणसं एका जुन्या बसने इंडियानोलाच्या कचेरीत गेली. मतदार यादीत नाव घालायचं, एवढंच काम. त्यांच्यात 44 वर्षांच्या फॅनी लू हेमर होत्या, 18 वर्षं एकाच कापसाच्या मळ्यावर राबलेल्या. काळ्या माणसालाही मत देता येतं, हे त्यांना त्याच वर्षी कळलं होतं. कारकुनाने राज्याच्या घटनेतलं एक कलम पुढे केलं : याचा अर्थ लिहा. त्या नापास झाल्या. परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली आणि तिचा रंग जास्तच पिवळा आहे म्हणून चालकाला दंड केला. घरी आल्यावर मळामालकाने बजावलं : अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. त्याच रात्री त्यांनी घर सोडलं. पुढच्या जानेवारीत मात्र त्या ती परीक्षा पास झाल्या.

कागदावर हा हक्क 1870 पासून होता. पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मत नाकारायला बंदी केली होती. 1890 मध्ये मिसिसिपीने वर्णाचं नावही न घेता तेच साधलं : मतदानासाठी कर, कलम वाचण्याची किंवा समजावून सांगण्याची अट, आणि पास-नापास ठरवणारा गोरा कारकून. शेजारच्या लुइझियानात 1896 साली कृष्णवर्णीय मतदार 1,30,000 होते. 1904 मध्ये उरले 1,342. आपल्याकडे बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, आणि आपल्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर शेतमजूर बाईही बोटाला शाई लावून घरी आली. ते केवढं मोठं होतं, हे मला इंडियानोलाच्या कचेरीची हकिकत वाचताना उमगलं.

अमेरिकेत मार्च 1965 मध्ये सेल्माच्या पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या बरसल्या. ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा आला. ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांनी निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची, हा त्याचा कणा. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी जेमतेम 7 टक्के होती, ती 1967 पर्यंत 60 च्या घरात गेली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी राज्यं ठरवण्याचा निकषच रद्द केला. टेक्सासने त्याच दिवशी ओळखपत्राचा कडक कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं.

कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो मतदारांना गठ्ठा मतं म्हणणं मला खटकतं. टेक्सासमधला लॅटिनोबहुल स्टार परगणा 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत शंभरहून अधिक वर्षांनी रिपब्लिकन उमेदवाराकडे गेला. पण जिथे नोंदणीसाठी वर्षानुवर्षं दारोदार फिरणारी माणसं होती, तिथे निकाल हलले. फेब्रुवारी 2020 मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही राज्यांत मागे पडलेल्या बायडन यांना साउथ कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी उभं केलं. नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया बायडन यांनी अवघ्या 11,779 मतांनी जिंकलं. जानेवारीत तिथूनच रॅफाएल वॉरनॉक सिनेटवर गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याच चर्चचे ते पाद्री.

2020 मध्ये जॉर्जियातल्या अटलांटाच्या काही वस्त्यांत लोक मतदानासाठी तासन्‌तास रांगेत होते. 2021 च्या मार्चमध्ये राज्याने नवा कायदा केला. मतदान केंद्रापासून 150 फुटांच्या आत, रांगेत ताटकळणाऱ्या मतदाराला कुणी पाण्याची बाटली दिली, तर आता तो गुन्हा आहे.