अविनाश साबळे

अविनाश मुकुंद साबळे (जन्म : १३ सप्टेंबर १९९४, मांडवा, ता. आष्टी, जि. बीड) हे ३,००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीतील भारतीय धावपटू व राष्ट्रीय विक्रमवीर आहेत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीतील प्रवेश ही त्यांची प्रमुख कामगिरी होय. २०१८ ते २०२४ या काळात त्यांनी या शर्यतीचा राष्ट्रीय विक्रम दहा वेळा मोडला. त्यांतील नऊ वेळा मोडलेला विक्रम त्यांचा स्वतःचाच होता.

त्यांचे जन्मगाव मांडवा हे मराठवाड्यातील आहे. मुंबईहून बोटीने जेथे उतरतात ते रायगड जिल्ह्यातील, अलिबाग तालुक्यातील मांडवा बंदर वेगळे. नामसाधर्म्यामुळे या दोन गावांची गल्लत होऊ शकते.

शर्यतीचे स्वरूप

स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतील कुंपणे व ओढे ओलांडत घोडे दौडवण्याच्या शर्यतींवरून हे नाव आले. आजच्या शर्यतीत धावपटूला २८ अडथळे आणि ७ पाण्याचे अडथळे, असे एकूण ३५ वेळा अडथळे पार करावे लागतात. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. ११० मीटर हर्डल्समधील अडथळा पाय लागताच पडतो. येथील जड, लाकडी आडवा ओंडका मात्र पडत नाही, पडतो तो धावपटू. पाण्याच्या अडथळ्यापलीकडे ३.६६ मीटर लांबीचा हौद असतो. त्याचा तळ चढत जाऊन धावपट्टीला मिळतो, म्हणून जो जितका लांब उडी घेईल तितके त्याला पाणी कमी लागते.

ही शर्यत मध्यम आणि दीर्घ पल्ल्याच्या सीमेवर उभी आहे. १,५०० मीटरच्या धावपटूचा वेग, ५,००० मीटरच्या धावपटूचा दम आणि अडथळ्यावरील तोल या तिन्ही गोष्टी येथे एकाच अंगी असाव्या लागतात. प्रत्येक अडथळ्यापाशी लय तुटते. ती पुन्हा जुळवताना जी शक्ती खर्च होते तिचा हिशेब शेवटच्या फेरीत द्यावा लागतो. या शर्यतीवर केनियाचे वर्चस्व दीर्घकाळ होते. १९६८ ते २०१६ या काळात केनियाने ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला, त्या प्रत्येकात पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्णपदक केनियाच्याच धावपटूकडे गेले.

पूर्वायुष्य व सैन्यसेवा

साबळे यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. आष्टी तालुका अवर्षणप्रवण असून बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटर अंतरावर होती आणि वाहनाची सोय नसल्याने हे अंतर ते चालत किंवा धावत काटत. अशा आठवणींना पुढे दंतकथेचे रूप येते आणि मुलगा शाळेत धावत गेला म्हणून विक्रमवीर झाला, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की शालेय वयात त्यांनी स्पर्धात्मक धावण्याचे पद्धतशीर शिक्षण घेतले नव्हते. शाळेत धावत जाणारी मुले खेडोपाडी पुष्कळ असतात. साबळे यांना वेगळी वाट मिळाली ती सैन्यात.

बारावीनंतर ते भारतीय सैन्याच्या महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाले. २०१३-१४ मध्ये त्यांची नेमणूक सियाचीन हिमनदीवर झाली. त्यानंतर राजस्थानचे वाळवंट व सिक्कीम येथे त्यांनी सेवा केली. २०१५ मध्ये सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री स्पर्धांमधून ते खेळाकडे वळले. तेव्हा त्यांचे वय एकवीस वर्षांच्या आसपास होते. केनिया व इथिओपियातील अनेक धावपटू या वयात जागतिक स्पर्धांत उतरलेले असतात.

स्टीपलचेसकडे वळण

सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना क्रॉसकंट्रीकडून स्टीपलचेसकडे वळवले. राष्ट्रीय शिबिरात काही काळ त्यांनी निकोलाय स्नेसारेव्ह या परदेशी प्रशिक्षकाकडे सराव केला. परंतु ती पद्धत न मानवल्याने २०१८ मध्ये ते पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे आले. त्याच वर्षी घोट्याच्या दुखापतीमुळे जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेची पात्रता हुकली.

गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये टोकियो येथे नोंदवलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम तोवर अबाधित होता. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथील राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत साबळे यांनी ८:२९.८० अशी वेळ देऊन सदतीस वर्षांचा हा विक्रम मोडला. एखादा विक्रम सदतीस वर्षे टिकतो तेव्हा विक्रमवीराचा गौरव जरूर करावा, पण मधल्या पिढ्यांना कोणते प्रशिक्षण मिळाले हेही विचारायला हवे.

२०१९ च्या दोहा आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत साबळे यांना रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी दोहा येथेच झालेल्या जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या धडपडीत त्यांची वाट अडली. तरीही ८:२५.२३ असा नवा विक्रम झाला. भारतीय महासंघाच्या अपिलानंतर त्यांना अंतिम फेरीत स्थान मिळाले आणि तीन दिवसांनी ८:२१.३७ या वेळेसह ते तेरावे आले. या वेळेने ते टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील गुलजारा सिंग मान यांच्यानंतर या शर्यतीत ऑलिंपिकला उतरलेले ते पहिले भारतीय पुरुष होत.

वेळ आणि शर्यत

साबळे यांच्या कारकिर्दीतील खरा झगडा घड्याळाशी नसून शर्यतीशी आहे. भारतात त्यांच्या तोडीचा दुसरा स्टीपलचेस धावपटू नसल्याने येथील स्पर्धांत ते पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर एकटेच पुढे धावत. एकट्याने धावून वेळ सुधारता येते. मात्र पंधरा जणांच्या घोळक्यात, पुढच्याच्या पाठीमुळे अडथळा उशिरा दिसत असताना उडी घेणे, कोणाचा वेग खरा आणि कोणाचा फसवा हे ओळखणे आणि शेवटच्या ४०० मीटरसाठी बळ राखून ठेवणे एकट्याला शिकता येत नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी प्राथमिक फेरीत ८:१८.१२ असा नवा राष्ट्रीय विक्रम केला, परंतु आपल्या गटात ते सातवे आले. अंतिम फेरी हुकलेल्यांमध्ये सर्वांत जलद वेळ त्यांचीच होती. उलट २०२२ च्या युजीन जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी संथ आणि डावपेचांची झाली. तीत ते ८:३१.७५ वेळेसह अकरावे आले. म्हणजे भुवनेश्वरला एकट्याने दिलेल्या वेळेपेक्षाही ती वेळ जास्त होती. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेपर्यंत वेळेच्या आधारे पुढे जाण्याची सोयही संपली होती. प्रत्येक गटातील पहिले पाचच अंतिम फेरीत जाणार होते. तेथे साबळे सातवे आले.

प्रशिक्षण

या उणिवेवरील उपाय म्हणून परदेशातील सराव व स्पर्धा वाढवण्यात आल्या. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सराव केला. हे शहर समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. विरळ हवेत प्राणवायू कमी मिळत असल्याने शरीर अधिक तांबड्या पेशी तयार करते आणि सखल प्रदेशात उतरल्यावर काही काळ त्याचा लाभ होतो. उंचीवर मात्र कमाल वेगाने धावता येत नाही, म्हणून वेगाचा सराव व दमाचा सराव यांचे वेळापत्रक जपून आखावे लागते.

साबळे यांच्या दमाचा पाया किती भक्कम आहे हे इतर अंतरांवरून दिसते. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली अर्धमॅरेथॉन त्यांनी १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत हे अंतर धावणारे ते पहिले भारतीय ठरले. मे २०२२ मध्ये अमेरिकेत ५,००० मीटर अंतर १३:२५.६५ मध्ये धावून त्यांनी बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढील वर्षी लॉस एंजेलिस येथे ही वेळ १३:१९.३० पर्यंत खाली आली.

बर्मिंगहॅम ते पॅरिस

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथे झालेली राष्ट्रकुल स्पर्धेची अंतिम शर्यत त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियानेच जिंकली होती. साबळे केनियाच्या धावपटूंना धरून राहिले आणि शेवटच्या सरळ टप्प्यात अब्राहम किबिवोट यांच्या अगदी जवळ पोहोचले. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२० : अंतर ०.०५ सेकंद. प्रत्येक ४०० मीटरला सरासरी सुमारे ६५.५ सेकंद, तेही पस्तीस अडथळ्यांसह, असा हा वेग होता. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे त्यांनी आरंभापासूनच आघाडी घेऊन ८:१९.५० या स्पर्धाविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये सुवर्ण जिंकणारे ते पहिले भारतीय होत. महिलांमध्ये सुधा सिंग यांनी २०१० मध्ये ग्वांगझोऊ येथे हे यश मिळवले होते. ५,००० मीटरमध्ये त्यांना रौप्यपदक मिळाले.

७ जुलै २०२४ रोजी पॅरिस डायमंड लीगमध्ये त्यांनी ८:०९.९१ अशी वेळ दिली. सैनी यांच्या विक्रमाशी तुलना करता ही सुधारणा जवळपास २१ सेकंदांची, म्हणजे या वेगाने सुमारे १२५ मीटरची आहे. महिनाभरानंतर पॅरिस ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत पाचवा क्रमांक मिळवून ते अंतिम फेरीत गेले. तेथे ८:१४.१८ वेळेसह ते अकरावे आले. ऑलिंपिक स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावणारे ते पहिले भारतीय पुरुष असले, तरी महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा मान आधी सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी मिळवला आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या अंतिम शर्यतीत त्या दहाव्या आल्या होत्या. माण व आष्टी हे दोन्ही तालुके दुष्काळी आहेत, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

दुखापत

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत साबळे यांनी ८:२०.९२ वेळेसह सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत या शर्यतीचे सुवर्ण भारताला १९८९ मधील दीना राम यांच्यानंतर छत्तीस वर्षांनी मिळाले. ११ जुलै २०२५ रोजी मोनॅको डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यापाशी त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. आतील मुख्य अस्थिबंध व कूर्चेची गादी फाटल्याने शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील टोकियो जागतिक स्पर्धेला ते मुकले. हा अस्थिबंध उडीनंतर पाय टेकताना गुडघा स्थिर ठेवतो आणि स्टीपलचेसच्या एका शर्यतीत अशी पावले पस्तीस वेळा टेकावी लागतात.