कर्जखाती तपासणारे न्यायमूर्ती



आमच्या माजिवड्याच्या नाक्यावरून आग्रा रस्ता नाशिकला जातो. नाशिकच्या पुढे निफाड. तिथे १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. समाजसुधारक म्हणून त्यांचे नाव तुम्ही शाळेत वाचले असेल. पण कुणब्यांच्या कर्जखात्यांत त्यांची किती वर्षे गेली, हे फारसे कोणी सांगत नाही.

१८७१ साली ते पुण्यात पहिल्या वर्गाचे सबजज्ज झाले. १८७५ साली सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा हे त्याचे जिल्हे.

त्याआधी काय होई? सावकार रोखा पुढे करी, कूळ कोर्टात येतच नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा निघे. नव्या कायद्याने जज्जाला सांगितले, नुसत्या रोख्यावर जाऊ नका, व्यवहार पहिल्यापासून उकला. मुद्दल वेगळे मांडा, व्याज वेगळे. व्याजावर व्याज नको. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. फेडीची पावती मागणे हा त्याचा हक्क ठरला.

हे सारे खालच्या कोर्टांत खरोखर घडते का, हे पाहायला खास न्यायाधीश नेमलेला असे. रानडे आधी काही काळ त्याचे मदतनीस होते, १८८७ पासून स्वतः त्या जागी. जिल्होजिल्ही फिरायचे, दप्तर उघडायचे, चुकलेला निकाल दुरुस्त करायचा. फिरतीची नोकरी मीही केली आहे. कागद कचेरीत बसून एक सांगतात आणि गावात गेल्यावर दुसरे, हे मला ठाऊक आहे.

न्यायमूर्ती तेलंग वारल्यावर १८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टात गेले. १९०१ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच होते.

अपिलाबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. वरच्या कोर्टात सहसा साक्षीदार पुन्हा उभे करत नाहीत. खाली दाखल झालेले कागदच वाचतात. पावती खाली दाखल केली नाही, तारीख चुकवली, तर वरचा जज्ज कितीही भला असला तरी त्याचे हात बांधलेले.

तो जुना कायदा आता नाही. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. बिनपरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. सोबत खरेदीखत, सातबारा आणि पैसे दिल्याघेतल्याचा जो असेल तो पुरावा जोडा.