कवळी : वस्तू की सेवा?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. वृद्धांच्या कल्याणाचा विचार करताना निवृत्तिवेतन व औषधोपचार यांची चर्चा होते. दातांची क्वचितच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील ६० वर्षे व त्यावरील सुमारे २३ टक्के व्यक्तींचे सर्व दात गेलेले आहेत. दात गेले की कच्च्या भाज्या, फळे, शेंगदाणे असे पदार्थ आहारातून कमी होतात. उच्चार अस्पष्ट होतात आणि चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटू लागतो.

यावर कवळी हा सर्वपरिचित उपाय होय. परंतु ती चष्म्याच्या चौकटीसारखी तयार मिळत नाही. दात काढल्यानंतर सामान्यतः जखम भरेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. मग हिरड्यांचे माप घेणे, दोन्ही जबड्यांचा मेळ ठरवणे, मेणावर दात लावून पाहणे आणि अखेर ॲक्रिलिकची कवळी बसवणे असे टप्पे येतात. त्यासाठी अनेक खेपा होतात.

खरी कसोटी त्यानंतर लागते. आरंभी लाळ अधिक सुटते, हिरड्या दुखतात, जीभ अडखळते. खालची कवळी विशेष हलते. मऊ अन्नाचे लहान घास दोन्ही बाजूंनी चावणे, मोठ्याने वाचण्याचा सराव करणे आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवणे हितकर असते. टोचणारा भाग दंतवैद्याकडूनच घासून घ्यावा लागतो. पुढे जबड्याचे हाड झिजत जाते व कवळी सैल होते. तेव्हा तिला आतून नवे अस्तर द्यावे लागते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांत काठी, चष्मा व श्रवणयंत्र यांबरोबर कवळीचाही समावेश करण्यात आला. २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही सुरू झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि काठी एकदा दिली की काम भागते, कवळीचे तसे नाही. ग्रामीण मजुराच्या दृष्टीने प्रत्येक खेप म्हणजे प्रवासखर्च आणि त्याला सोबत करणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी होय. अर्थशास्त्रात यालाच संधी खर्च म्हणतात. तो न परवडल्यास विनामूल्य मिळालेली कवळीही डबीतच पडून राहते. वाटपाच्या आकडेवारीत मात्र तिची नोंद यश म्हणूनच होते.

म्हणून अशा योजनांचे मूल्यमापन वाटलेल्या कवळ्यांच्या संख्येवर थांबू नये. सहा महिन्यांनंतर किती लाभार्थी ती लावून जेवतात, हा निकष असावा. दुरुस्तीची सोय तालुक्याच्या रुग्णालयात झाली, तरच वृद्धाच्या हाती दिलेले साधन त्याच्या घासापर्यंत पोहोचेल.