लॉग चढवला म्हणजे संपर्क पक्का झाला का?

हौशी रेडिओवाल्यांत, विशेषतः नव्याने परवाना मिळालेल्यांत, एक समज घट्ट बसलेला दिसतो: लॉग इंटरनेटवर चढवला की संपर्क सिद्ध झाला. तसे होत नाही. अमेरिकेच्या एआरआरएल संस्थेने 2003 मध्ये सुरू केलेल्या ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’मध्ये समोरच्याचीही नोंद यावी लागते. कॉलसाइन, बँड आणि मोड जुळले, वेळेत अर्ध्या तासाहून जास्त फरक नसला, तरच पुष्टी मिळते. ही वेळ यूटीसी हवी. अहिल्यानगरला पहाटे तीन वाजता झालेला संपर्क आदल्या तारखेला 21:30 वाजता नोंदवायचा. नोंद जुळेना, तर आधी हेच तपासावे.

‘जिल्हा एक, म्हणजे ग्रिडही (अक्षांश-रेखांशांवरून आखलेला चौकोनही) एकच’ हा गैरसमज मला अधिक गंभीर वाटतो, कारण त्याचा तोटा दुसऱ्याला होतो. अहिल्यानगर शहर आणि शिर्डी एमके79 या चौकोनात येतात. श्रीगोंदा, जामखेड 19 अंश अक्षांशाच्या दक्षिणेला, म्हणून एमके78. अकोले तालुक्यातले कळसूबाई 74 अंश रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणून एमके69. त्या 1646 मीटर उंच शिखरावरून उपग्रहामार्गे बोललात आणि लॉग चढवताना घरचेच ठिकाण निवडलेत, तर पुष्टी मिळेल; पण समोरच्याच्या खात्यात चुकीचा चौकोन जाईल. तो बिचारा व्हीयूसीसी पुरस्कारासाठी 100 चौकोन जमवत असतो. लॉग चढवण्याच्या टीक्यूएसएल या प्रणालीत शिखरासाठी वेगळे ठिकाण करून ठेवायला दोन मिनिटे लागतात. कॉलसाइनपुढे ‘/पी’ लावले असेल, तर डिजिटल प्रमाणपत्रही वेगळे घ्यावे लागते. देश मोजणाऱ्या डीएक्ससीसी पुरस्काराला मात्र चौकोनाने फरक पडत नाही. जिल्ह्यात कुठूनही बोला, तिथे भारतच मोजला जातो.

लॉगबुक ऑफ द वर्ल्डसाठी एआरआरएलचे सभासदत्व लागत नाही, लॉग चढवायला पैसेही पडत नाहीत. शुल्क लागते ते पुरस्कारासाठी अर्ज करताना. भारतीयांना सुरुवातीला परवान्याची आणि ओळखपत्राची प्रत पाठवावी लागते.

ईक्यूएसएल या दुसऱ्या संकेतस्थळाचे देखणे कार्ड डीएक्ससीसीला चालत नाही. सीक्यू मासिकाच्या पुरस्कारांना चालते. कागदी कार्डे बाद झाली, हेही खरे नाही. डीएक्ससीसी ती आजही स्वीकारते.

आणि लॉग ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’वर चढवला म्हणजे जपला गेला, असे मानू नका. मे 2024 मध्ये एआरआरएलवर सायबर हल्ला झाल्यावर ही सेवा 1 जुलैपर्यंत बंद होती. लॉगच्या एडीआयएफ फाइलची प्रत घरी ठेवा, आणि परवान्याच्या नियमांनुसार ठेवायची नोंदवही वेगळी लिहा.